मेंदूला मार लागल्यानंतर: स्मरणशक्तीची गोळी, मोबाईलवरचे खेळ आणि चहाचं पातेलं

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांचं वय ४१. सात महिन्यांपूर्वी रात्री मोटरसायकल घसरली, हेल्मेट नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर जीसीएस (माणूस किती शुद्धीत आहे ते सांगणारा आकडा) ७ आणि मेंदूच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना रक्तस्राव असं लिहिलं आहे. ऑपरेशन लागलं नाही, पण काही दिवस व्हेंटिलेटरवर होते. आता चालतात, बोलतात, जेवतात. नवा सीटी स्कॅन ‘चांगला’ आला. पण तेच तेच विचारतात, चहा ठेवतात आणि विसरतात, दिवसभर सोफ्यावर बसून असतात, मुलावर एकदम भडकतात. स्वतः म्हणतात, “मला काही झालेलं नाही, सोमवारपासून ऑफिसला जातो.” जिल्हा परिषदेत क्लार्क आहेत. सासरचे म्हणतात आळशी झालाय. स्मरणशक्तीची गोळी चालू आहे. मेंदूच्या व्यायामाच्या एका ॲपचं वर्षाचं पॅकेज घ्यावं का? आणि ते पूर्वीसारखे कधी होतील?

ताई, आधी पॅकेजचं सांगते, कारण पैसे भरायला फोन येत असतील. घेऊ नका. २०१० साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीने ११,४३० धडधाकट माणसांना सहा आठवडे असले खेळ खेळायला दिले होते. खेळात सगळे तरबेज झाले. खेळाबाहेरच्या चाचण्यांमध्ये मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लुमॉसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीकडून फसव्या दाव्यांच्या प्रकरणात २० लाख डॉलर वसूल केले. मेंदूला इजा झालेल्या माणसांमध्ये मला हेच दिसत आलंय. स्क्रीनवरच्या जोड्या झटपट लावणारा माणूस त्याच संध्याकाळी गॅस चालू ठेवून बाहेर फिरायला जातो. करमणूक म्हणून फुकटचा खेळ दहा मिनिटं खेळले तर खेळू द्या. त्याला उपचार समजू नका, एवढंच.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा ती सिटिकोलिन असते. मेंदूला मार लागलेल्या १,२१३ रुग्णांना ९० दिवस सिटिकोलिन किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली पुडी देऊन अमेरिकेत तपासलं गेलं. २०१२ साली निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. दर महिन्याला त्यावर जे पैसे जातात ते थेरपीला वळवता येतील का, हे तुमच्या न्यूरोसर्जनना सरळ विचारा. रागावत नाहीत कुणी.

त्याच भेटीत याहून महत्त्वाचा प्रश्न विचारायचा आहे. फिटसाठी लेव्हेटिरासिटॅम चालू आहे का? हे औषध चांगलं आहे, पण काही जणांचा स्वभाव त्याने चिडका होतो, इतका की घरच्यांना वाटतं माणूसच बदलला. मिस्टरांना एकदाही फिट आलेली नसेल, तर सात महिन्यांनंतर त्याची गरज आहे का आणि असेल तर दुसरं काही देता येईल का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. स्वतःहून मात्र एक गोळीही बंद करू नका, एकदम बंद केल्यानेच फिट येऊ शकते. झोपेची गोळी, सर्दीची झोप आणणारी औषधं यांनीही लक्ष आणि स्मरण मंदावतं. थायरॉइड, बी-१२, सोडियम यांची रक्ततपासणी करून घ्या. एवढ्या मोठ्या इजेनंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन कमी पडू शकतात, त्याबद्दलही विचारा. रात्री मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. औषधाने दुरुस्त होण्यासारखं काही राहून गेलं असेल तर ते आधी उरकायचं. नाहीतर आपण थेरपीत जोर लावत बसतो आणि माणूस अर्धवट झोपेत असतो.

आता स्कॅनबद्दल. ‘चांगला’ याचा अर्थ साकळलेलं रक्त विरलं, सूज उतरली. डोकं जोरात हलतं तेव्हा मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, आणि ते साध्या सीटीत बहुतेक दिसतच नाहीत. त्यामुळे स्कॅन चांगला आणि माणूस वेगळा, हे नेहमीचं आहे. जीसीएस ही १९७४ मध्ये ग्लासगोत तयार झालेली ३ ते १५ ची मोजपट्टी. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. पण पुढचा अंदाज बांधायला मी आणखी एक गोष्ट विचारते: शुद्धीवर आल्यानंतर सलग आठवण राहायला किती दिवस लागले? डोळे उघडले, बोलले, तो दिवस नव्हे. आजची भेट उद्या आठवते, काल कोण आलं ते सांगता येतं, असं कधीपासून व्हायला लागलं ते. हा काळ सात दिवसांच्या पुढे गेला असेल तर इजा गंभीर धरतात, आणि जितका लांबतो तितकी सुधारणा सावकाश. घरी बसून आठवा, त्या वेळचे व्हॉट्सॲप मेसेज चाळा, आणि थेरपिस्टकडे जाताना हा अंदाज लिहून न्या.

तुम्ही सगळ्या तक्रारी ‘विसरतात’ या एका खात्यात टाकल्या आहेत. मला त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. चहा उतू जातो तो बहुधा स्मरणामुळे नाही, लक्षामुळे. पातेलं ठेवलं, फोन वाजला, लक्ष तिकडे गेलं आणि परत आलंच नाही. सोफ्यावर बसून राहणं हा आळस नाही. मेंदूचा पुढचा भाग कामाला सुरुवात करून देतो, तिथेच मार आहे. त्यांना आंघोळ करायची नाही असं नसतं, उठायचा धक्का आतून येत नाही. सासरच्यांना हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, घरचं वातावरण अर्धं निवळतं. आणि “मला काही झालेलं नाही” हा हट्ट किंवा खोटेपणा नाही. स्वतःच्या चुका टिपणारी यंत्रणासुद्धा त्याच भागात असते आणि तीच दुखावली आहे. म्हणून त्यांच्याशी वाद घालून, चुकांची यादी वाचून दाखवून काहीही साधत नाही. भांडण मात्र नक्की होतं.

अशा माणसाला आधी जे काम परत करता यायला हवं, तेच काम, त्याच जागी, त्याच भांड्यांनी करून घ्यायचं. माझ्या मते पुनर्वसनाचा गाभा एवढाच आहे. स्मरणशक्ती म्हणजे दंडाचा स्नायू नव्हे, की इथे वजन उचललं आणि ताकद सगळीकडे आली. चहाचा सराव चहातच होतो.

तर चहापासूनच सुरू करा. एका कोऱ्या कागदावर पायऱ्या लिहायच्या. तुम्ही नाही, त्यांनी, त्यांच्या अक्षरात. “पातेल्यात दोन कप पाणी. गॅस पेटव. साखर दोन चमचे. चहा पावडर. दूध. उकळी येईपर्यंत इथेच उभं राहायचं. गॅसचा नॉब बंद. सिलिंडरचा नॉब बंद.” ‘इथेच उभं राहायचं’ ही ओळ लाल पेनाने. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओट्यासमोर डोळ्याच्या उंचीवर चिकटवा, शेजारी दोरीला स्केचपेन बांधा. प्रत्येक पायरी झाली की पिशवीवर खूण, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायची. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि हात चुकीच्या डब्याकडे जायच्या आधीच कागदावर बोट ठेवा. बोलायचं नाही, फक्त बोट. मग एक पाऊल मागे, मग दारात, मग बाहेरच्या खोलीत. मध्ये फोन वाजला तर काय करायचं, हेही कागदावर हवं: ‘फोन वाजू दे.’ शक्य असेल तर या काळात टायमर लावून आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी वापरा. आणि एक तपासून बघा: त्यांना वास येतो का? कॉफी, हिंग, साबण डोळे मिटून ओळखायला द्या. पुढच्या भागाला मार लागला की वास घेण्याच्या नसा तुटणं अगदी सर्रास आढळतं, आणि रुग्ण ते सांगत नाही कारण त्याच्याच लक्षात आलेलं नसतं. वास येत नसेल तर गॅसची गळती त्यांना कळणार नाही, शिळं अन्नही कळणार नाही. गॅस डिटेक्टर बसवून घ्या.

चूक व्हायच्या आधी बोट ठेवायचं, याला कारण आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूचा काही भाग फिट थांबवण्यासाठी काढला, आणि त्याला नवीन काही आठवेनासं झालं. तरी ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली तेव्हा त्याचा हात रोज सुधारत गेला. आपण हे पूर्वी केलंय हे मात्र त्याला दर वेळी ठाऊक नसायचं. म्हणजे आठवण न ठेवताही हात शिकतो. पण असा शिकणारा माणूस बरोबर आणि चूक यांत निवड करू शकत नाही. जे हातून घडलं तेच पक्कं होतं. १९९४ मध्ये बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की विस्मरण झालेल्या माणसांना ‘ओळखा बघू’ म्हणत शिकवण्यापेक्षा चूक होऊच न देता शिकवलं तर जास्त लक्षात राहतं.

आणि आपल्याकडे काय चालतं? भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा कॉटजवळ उभा राहून विचारतो, “ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?” मग घरचे रोज: “काल काय भाजी होती? आज वार कुठला?” प्रेमाने विचारतात, पण चुकीचं उत्तर एकदा तोंडातून गेलं की दुसऱ्या दिवशी तेच वर येतं. हे आजपासून बंद. पाहुण्याने दारातून आत येतानाच सांगायचं, “मी सुरेशमामा, कोरेगावहून आलोय.” वार विचारायचा नाही, भिंतीवर ठळक दिसेल असा ठेवायचा.

दुसरं साधन डायरी. एकच. कॅलेंडरवर थोडं, मोबाईलमध्ये थोडं, फ्रिजवर थोडं असं नको. एका दिवसाला एक पान, वर आजची कामं, खाली ‘काय झालं’. नवी सवय हवेत टिकत नाही, ती जुन्या सवयीला बांधायची: सकाळच्या चहाबरोबर डायरी उघडायची, रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा. पहिले काही आठवडे लिहिण्याची घाई करू नका. डायरी कुठे आहे हे न शोधता हात तिकडे जाणं, एवढंच शिकायचं. ते कुठलाही प्रश्न दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा उत्तर देऊ नका, डायरीकडे बोट करा. उत्तर मिळत राहिलं तर डायरी कोण उघडेल? अपघाताआधी फोनमध्ये रिमाइंडर लावायची सवय असेल तर फोनही चालतो. इंग्लंडमध्ये १४३ जणांना पेजरवर वेळच्या वेळी सूचना देऊन पाहिलं होतं, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांची औषधं, भेटी, रोजची कामं वेळेवर होऊ लागली. आज तेच काम फुकटचा अलार्म करतो.

अलार्मचा आणखी एक फायदा आहे, तो संसारासाठी. “उठा, आंघोळ करा, गोळी घ्या” हे दिवसभर तुमच्या तोंडून येतं तेव्हा ती आठवण राहत नाही, टोचणी होते, आणि नवराबायकोचं नातं मास्तर-विद्यार्थ्यासारखं होऊन बसतं. कटकट फोनला करू दे. साडेआठला अलार्म, स्क्रीनवर एकच वाक्य: ‘टॉवेल घेऊन बाथरूममध्ये जा.’ ‘तयार हो’ असं मोघम नको. ‘तयार हो’ म्हणजे नक्की काय करायचं, हे ठरवण्यातच त्यांची गाडी अडते.

रागाचं. दोन आठवडे फक्त नोंद ठेवा: किती वाजता, आधी काय चाललं होतं, किती आवाज होता, झोप किती झाली होती. बहुतेक घरांत चित्र सारखंच निघतं. संध्याकाळची वेळ, टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, मुलगा एकीकडून आणि आई दुसरीकडून बोलतेय. दुखावलेला मेंदू हे सगळं एकदम गाळू शकत नाही, आणि तोवर तो थकलेलाही असतो. हा थकवा डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या बघण्यात कामावर परतण्यात सगळ्यात जास्त आडवा तोच येतो. दुपारी अर्धा तास खरी विश्रांती, मोबाईलशिवाय. संध्याकाळी एका वेळी एकच आवाज. भडकले की समजूत घालू नका, तुम्ही आणि मुलगा दुसऱ्या खोलीत जा, अर्ध्या तासाने नेहमीच्या आवाजात दुसराच विषय काढा. मुलाला वयाला झेपेल असं सांगा की बाबांच्या डोक्याला मार लागलाय आणि त्यामुळे राग पटकन येतो, तुझं काही चुकलेलं नाही. हात उगारण्यापर्यंत गेलं तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, त्यासाठी औषधं आहेत. दारूचा एक थेंबही नको.

आता त्यांना स्वतःची स्थिती कळावी म्हणून काय करायचं? सांगून नाही, करून. मी असं करते: किराणा दुकानातून पाच वस्तू आणायच्या आहेत. जायच्या आधी त्यांनीच कागदावर लिहायचं, “किती वेळ लागेल? किती वस्तू विसरेन? यादी लागेल का?” ते लिहितात, “दहा मिनिटं. शून्य. नाही.” परत आले की पिशवी रिकामी करून त्याच कागदावर खरे आकडे त्यांनीच भरायचे. पस्तीस मिनिटं, दोन वस्तू राहिल्या. आपण एक शब्दही बोलायचा नाही. “बघा, मी म्हटलं नव्हतं?” हे तर मुळीच नाही. असे कागद जमत गेले की एक दिवस ते अंदाजाच्या रकान्यात ‘वीस मिनिटं, यादी घेऊन’ असं लिहितात. त्या दिवशी मी खूश होते, वस्तू सगळ्या आल्या की नाही हे दुय्यम. फक्त एक सावधगिरी: जाण येऊ लागली की उदासीही येते. रडू लागले, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं बोलले, तर ते सुधारणेचा भाग म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

सोमवारी ऑफिस नको. पण कायमचं घरीही नको. १८४८ साली अमेरिकेत स्फोटाच्या कामावर फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी सळई आरपार गेली. पुढचा भाग गेला आणि स्वभाव पालटला, ही गोष्ट सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं: नंतर तो चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोज तेच क्रमवार काम. असा बांधीव दिनक्रम त्याला सावरायला उपयोगी पडला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. मिस्टरांनाही तसंच काम शोधायचं. आवक-जावक नोंदवही हे उत्तम टेबल आहे: एका वेळी एक कागद, क्रमांक, तारीख, सही. आधी घरी जुन्या वहीत खोट्या पत्रांच्या नोंदी करून घ्या, चुका त्यांनाच मोजू द्या. मग ऑफिसात रोज दोन तास, सकाळी, गर्दीच्या टेबलापासून लांब. जमलं तर वाढवायचं.

साहेबांशी बोलताना हे ठाऊक असू द्या: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढू शकत नाही, खालच्या पदावरही आणू शकत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं, ते नसेल तर जागा होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जास्तीच्या, पदावर ठेवावं लागतं. स्थानिक स्वराज्य संस्थाही यात येतात. दबावाखाली राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही होऊ देऊ नका. अशा मनःस्थितीत ते विचारलं की ‘हो’ म्हणून मोकळे होतील. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) वेबसाइटवर अर्ज करा आणि वैद्यकीय बोर्डापुढे जाताना न्यूरोसायकॉलॉजीचा, म्हणजे लक्ष-स्मरणाच्या चाचण्यांचा, अहवाल सोबत ठेवा. चालता-बोलता माणूस समोर बसला की “यांना काय झालंय?” असंच विचारलं जातं, तेव्हा कागदच बोलतो.

तो अहवाल कुठे मिळेल? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेला, आणि मेंदूच्या इजांचं काम केलेला. बंगळुरूच्या निम्हान्सने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत वय, लिंग आणि शिक्षणानुसार भारतीय मापं दिलेली आहेत, तशी वापरली आहेत का ते विचारा. अहवालात नुसते आकडे आले तर परत विचारा, “याचा घरात आणि ऑफिसात अर्थ काय?” रोजच्या कामांच्या सरावासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपिस्ट वेगळे. तुमच्या फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला ज्यांचं नाव आहे, त्या कमलाताईंनीच १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं होतं. आजही केईएमसारख्या पालिका रुग्णालयांत आणि हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हे विभाग आहेत, खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. महिन्यातून एकदा जाऊन कार्यक्रम आखून घ्यायचा आणि रोजचं घरी करायचं, असंही चालतं. खरं तर तेच जास्त चालतं.

पूर्वीसारखे कधी होतील? जीसीएस ७ नंतर शंभर टक्के पूर्वीसारखे, असं वचन मी देणार नाही आणि जो देईल त्याच्याकडे जाऊ नका. आपोआप होणारी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, मग दीड-दोन वर्षांपर्यंत सावकाश चालू राहते. यादी, डायरी, अलार्म वापरून काम साधायला शिकणं याला मात्र मुदत नाही. पाच वर्षांनंतर आलेली माणसंही शिकतात. हे सगळं मी अपघाताबद्दल लिहिलं. पक्षाघात, मेंदूज्वर किंवा हृदय बंद पडून ऑक्सिजन कमी पडल्यामुळे झालेल्या त्रासात तपशील बदलतात. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पक्षाघातात, उदाहरणार्थ, माणूस ताटातली डावीकडची भाजी खातच नाही, कारण डावी बाजू त्याच्या लेखी नसतेच. तिथे डावीकडे नजर न्यायचा सराव आधी लागतो.

राहिली मोटरसायकल. ऑफिसला जायचं म्हणतात म्हणजे किल्ली मागतच असतील. न्यूरोसर्जनची लेखी परवानगी आणि लक्षाच्या चाचण्या झाल्याशिवाय देऊ नका, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही. किल्ली लपवून ठेवली तर शोधाशोध आणि भांडण होतं. त्यापेक्षा गाडी दीराकडे किंवा शेजारच्या गावात ठेवा आणि डायरीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्याच अक्षरात लिहून आणा: ‘तपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही’, खाली सही, तारीख. तुम्ही नाही म्हणालात तर वाद होईल. डायरी उघडून ते स्वतः वाचतील तर निदान वाद तुमच्याशी होणार नाही.